कंसात अडकलेली ६७००४१७

भाचीने यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला, म्हणून सीताबर्डीवरील एका दुकानातून तिच्यासाठी हा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेतला. "सर, दहा अंकांपर्यंत कोणताही आकडा मूळ अवयवांत फोडून देतो हा," असे काउंटरवरच्या मुलाने छातीठोकपणे सांगितल्यामुळे, पैसे देण्यापूर्वी मी तिथेच ४२९४९६७२९७ ही संख्या दाबून पाहिली.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. याच घडणीच्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या मूळ असल्याने पुढच्याही मूळच असतील, असे गणितज्ञ फर्माने मानले होते; १७३२ मध्ये ऑयलरने हिला ६४१ ने नि:शेष भाग जातो हे दाखवून तो समज मोडीत काढला. यंत्राने क्षणात '६४१ × (६७००४१७)' असे उत्तर दिले. तो कंस कशासाठी, हे मात्र मुलाला सांगता आले नाही. पुस्तिकेत बारीक अक्षरांत खुलासा सापडला: तीन अंकांहून मोठे अवयव यंत्र शोधत नाही, आणि ज्याची खात्री पटली नाही तो भाग कंसात ठेवते. विक्रेत्याचा दावा त्यामुळे खोटा ठरतो, यंत्राचा प्रामाणिकपणा मात्र आवडला.

कंस काढणे फारसे अवघड नाही. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १२८ च्या पटीत १ मिळवून येतो, आणि ६७००४१७ चे वर्गमूळ २५८८ च्या थोडे पुढे आहे. तेवढ्या मर्यादेत अशा मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. पहिल्या तीन यंत्राने तपासलेल्याच आहेत. उरलेले दोन भागाकार भाचीने पावतीच्या मागे केले. ११५३ ने बाकी ३३४ उरली, १४०९ ने ६२२. म्हणजे ६७००४१७ मूळच आहे.

खरी तक्रार वेगळी आहे. १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर अशा संख्यांना डेमलो संख्या म्हणत. पडद्यावर १.२३४५६७८९९ × १०^१६ दिसते, ते ठीक. पण त्या वर्गातून १२३४५६७८९८७६५०००० वजा केल्यावर ४३२१ ऐवजी ४३०० आले. पोटात पंधराच अंक मावतात, शेवटचे दोन गळतात, आणि इथे कंस नाही की कसली सूचना नाही.

बटणे दमदार आहेत, झाकण घट्ट बसते, दुकानदाराने वॉरंटीवर शिक्काही न मागता मारून दिला. कॉलेजच्या कामाला यंत्र पुरेसे आहे, म्हणून पाचपैकी साडेतीन तारे. मोठ्या पूर्णांकांसाठी मी घरी पायथॉन ही संगणकभाषाच वापरणार, तिथे १७० अंकही शाबूत राहतात.