अँटी-टीपीओ तपासणी: एकदा करा, पण नीट करा

थायरॉइडच्या या रक्ततपासणीला माझ्याकडून पाचपैकी पाच. ज्या लॅबमध्ये केली, तिला दोन.

कंगव्यात रोज केसांचा पुंजका निघायचा, आठ तास झोपूनही दुपारी डोळे मिटायचे. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारं संप्रेरक, ११.८ आला तेव्हा डॉक्टरांनी अँटी-टीपीओ लिहून दिली. रिपोर्ट मोबाइलवर आला: ६१२, शेजारी लाल बाण, मर्यादा ३५ च्या आत. अर्थ सांगणारी एक ओळही नाही. ती रात्र मी रडून काढली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्र काढून समजावलं. टीपीओ म्हणजे थायरॉइड पेरॉक्सिडेज, ग्रंथीच्या पेशींतलं एन्झाइम. हेच एन्झाइम रक्तातून आलेलं आयोडीन थायरोग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनाला जोडतं आणि त्यातूनच टी-४, टी-३ ही थायरॉइडची संप्रेरकं तयार होतात. सगळा कारखाना ज्या कारागिरावर चालतो, त्यालाच माझं शरीर परकं समजून त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवत होतं; अँटी-टीपीओ तपासणी त्याच मोजते. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी (आजाराला त्यांचंच नाव आहे) पांढऱ्या पेशींनी भरलेल्या अशा ग्रंथींचं वर्णन १९१२ मध्येच केलं होतं, पण हा हल्ला घरातूनच होतो याचा पुरावा मिळायला १९५६ उजाडलं. दोन वर्षं मी स्वतःला आळशी म्हणत होते. त्या चित्रानं ते थांबलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी ठासून सांगितली. ग्रंथीची नासधूस मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी करतात. अँटीबॉडी ही बरीचशी त्याची खूण. त्यामुळे आकडा ६१२ असो की १२००, थायरॉइडच्या गोळीचा डोस टीएसएच बघूनच ठरतो. तरीही लॅबचा दर तीन महिन्यांनी मेसेज येतो, ‘अँटी-टीपीओ पुन्हा तपासा’. हे मला अजिबात पटत नाही. घाबरलेला माणूस जातोच ना!

मला पुन्हा करावी लागली ती वेगळ्या कारणानं. केसांसाठी मी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत होते आणि रक्त घेताना कोणी विचारलंच नाही. काही यंत्रांच्या चाचणीत बायोटिनचाच वापर असतो, त्यामुळे रक्तातल्या जास्तीच्या बायोटिननं आकडे चुकतात. गोळ्या बंद करून दोन्ही तपासण्या परत केल्या. अँटी-टीपीओ ५८८, टीएसएच १२.४. हाशिमोटोचं निदान तेच राहिलं, पण दुसऱ्यांदा सुई टोचून घेतली ती एका न विचारलेल्या प्रश्नापायी. तुम्ही घेत असाल तर आधी डॉक्टरांना सांगा.

माझ्यानंतर बहिणीनंही केली, कारण तिला बाळ हवंय. तिचा टीएसएच १.९, म्हणजे नॉर्मल, अँटीबॉडी मात्र आहेत. इंग्लंडमधल्या व्हिकहॅमच्या वीस वर्षांच्या पाहणीत नुसत्या अँटीबॉडी असलेल्या स्त्रियांपैकी वर्षाला साधारण २.१ टक्के जणींची थायरॉइड मंदावली, टीएसएचही वाढलेला असेल तर ४.३ टक्के. म्हणून तिला आज गोळी नाही. दिवस राहिले की लगेच टीएसएच, आणि बाळंतपणानंतरही लक्ष ठेवायचं, असं ठरलंय. तारखा तिनं आत्ताच डायरीत लिहून ठेवल्यात.