डीएनए सिक्वेन्सिंगच्या कार्यशाळेत आमची फसवणूक कशी झाली

नाशिक परिसरातील महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या बहुतेकांचा डीएनए सिक्वेन्सिंगशी, म्हणजे डीएनएमधील अक्षरांचा क्रम यंत्राने वाचण्याशी, संबंध पुस्तकापुरताच येतो. यंत्र हाताळायला मिळणे दुर्मीळ. पुणे, हैदराबाद, बंगळुरू येथील नामवंत संस्थांच्या कार्यशाळांत जागा मोजक्या असतात आणि प्रवास-मुक्कामाचा खर्च वेगळा होतो. नेमकी ही अडचण हेरून गंगापूर रोड परिसरातील एका खासगी संस्थेने आठवडाभराच्या प्रशिक्षणाची जाहिरात केली. स्वतःचा नमुना आणा, त्यातून डीएनए काढा, तो यंत्रावर चालवा आणि मिळालेल्या माहितीचे विश्लेषण स्वतः करा, असे तिचे आश्वासन होते. शुल्क 18,000 रुपये, जीएसटीसह. मी महाविद्यालयात शिकवते आणि द्राक्षबागांच्या मातीतील जिवाणूंवर माझे संशोधन सुरू आहे, त्यामुळे हे प्रशिक्षण मला हवेच होते. दोन सहकाऱ्यांसह मी नाव नोंदवले.

जाहिरातीत ‘सरकारमान्य’ असा ठळक शिक्का होता. चौकशीअंती त्यामागे केवळ उद्यम नोंदणी निघाली. ही नोंदणी कोणताही लघुउद्योजक स्वतःच्या घोषणेवर करू शकतो आणि तिचा अभ्यासक्रमाच्या दर्जाशी काडीचाही संबंध नसतो. शुल्क संस्थेच्या नव्हे, एका व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर मागवले गेले आणि जीएसटीसह म्हणून घेतलेल्या रकमेच्या पावतीवर जीएसटी क्रमांकच नव्हता.

पहिले दोन दिवस बरे गेले. मातीतून डीएनए काढणे आम्ही खरोखर केले आणि तो निघाल्याची खूण म्हणून जेलवर पट्टेही दिसले. त्यानंतर ‘सिक्वेन्सिंगचा दिवस’ आला. टेबलावर ऑक्सफर्ड नॅनोपोअर कंपनीचे मिनआयन हे मुठीत मावेल एवढे यंत्र लॅपटॉपला जोडलेले होते. ज्या फ्लो सेलमधून डीएनए जातो, तो वापरेपर्यंत 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा लागतो. येथे मात्र तो उघड्या पाकिटात, पंख्याखाली पडलेला होता. नमुना टाकण्यापूर्वी सॉफ्टवेअर कार्यरत छिद्रांची, म्हणजे पोअरची, मोजणी करते. नव्या मिनआयन फ्लो सेलमध्ये किमान 800 पोअर चालू असतील अशी कंपनीची हमी असते, आणि त्या पडद्यावरचा आकडा साठाच्याही आत होता. धुऊन पुन्हा वापरलेला फ्लो सेल शिकवण्यासाठी घेणे गैर नाही, तो महाग असतो. पण तसे आधी सांगायला हवे. एकेकाने पिपेटने थेंब सोडला, प्रत्येकाचे छायाचित्र निघाले, आणि ‘रन रात्रभर चालेल, डेटा उद्या मिळेल’ असे सांगून आम्हाला घरी धाडण्यात आले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या नावाची फास्टक्यू फाइल, म्हणजे यंत्राने वाचलेल्या अक्षरांची नोंद, पेनड्राइव्हवर मिळाली. प्रशिक्षकांनी लगेच तिचे आलेख काढून दाखवले. दर्जा उत्तम होता, क्यू 30 च्या वर, म्हणजे हजारात एखादीच चूक. इतके देखणे आलेख त्या मरगळलेल्या फ्लो सेलमधून कसे निघाले, या शंकेने मी घरी फाइल साध्या मजकुरासारखी उघडली. पहिल्याच ओळीत ॲटच्या चिन्हानंतर एसआरआर ही तीन अक्षरे, पुढे आकडे आणि शेवटी लांबी 151. खालच्या प्रत्येक नोंदीची लांबीही तेवढीच. नॅनोपोअरच्या वाचनांची, म्हणजे सलग वाचलेल्या एकेका तुकड्याची, लांबी कमीअधिक असते, काही शेकडा अक्षरांपासून कित्येक हजारांपर्यंत. सगळी वाचने एकाच मापाची येणे हे इल्युमिना या दुसऱ्या कंपनीच्या यंत्राचे लक्षण आहे. शिवाय एसआरआरने सुरू होणारा क्रमांक अमेरिकेच्या एनसीबीआय या जैवमाहिती केंद्राच्या सार्वजनिक साठ्यातील नोंदीला मिळतो. तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकताच परदेशातील एका प्रयोगशाळेने काही वर्षांपूर्वी जमा केलेली नोंद समोर आली. काही ओळी ब्लास्ट या क्रम जुळवून पाहणाऱ्या साधनात तपासल्या, तर एकजात इ. कोलाय हा एकच जिवाणू. मातीच्या नमुन्यात नाना प्रकारचे जिवाणू सापडायला हवेत. माझी द्राक्षबागेची माती त्या फाइलमध्ये कुठेच नव्हती. सहकाऱ्यांच्या फाइलींतही तोच क्रमांक होता, फक्त नावे बदललेली.

सार्वजनिक माहितीवर शिकवणे हा जगभर रुजलेला आणि उत्तम मार्ग आहे. तीच माहिती ‘तुमच्या नमुन्याची’ म्हणून आमच्या हाती ठेवणे, ही फसवणूक. विचारल्यावर प्रशिक्षक म्हणाले, “मॅडम, फॉरमॅट असाच असतो, त्यात एवढं बघायचं नसतं.” मूळ रनचा, म्हणजे यंत्राच्या त्या रात्रीच्या कामाचा, फोल्डर दाखवा, एवढीच आमची मागणी होती. आधी लॅपटॉप बिघडल्याचे सांगण्यात आले, मग सर पुण्याला गेल्याचे, आणि पुढे फोन उचलणेच बंद झाले.

अशा प्रशिक्षणात नाव घालण्यापूर्वी संस्थेकडून काही गोष्टी लेखी मागाव्यात. यंत्र कोणते, फ्लो सेल नवा की वापरलेला, नमुने स्वतंत्र चालणार की बारकोड, म्हणजे नमुना ओळखायची डीएनएची खूण, लावून एकत्र (एका फ्लो सेलवर 24 नमुने असे चालतात आणि ते योग्यच आहे), आणि रनचा संपूर्ण फोल्डर अहवालासह मिळणार का, हे त्यात यावे. मागच्या तुकडीतील एखाद्याची फाइल पाहायला मागितली तर प्रामाणिक संस्थेला अडचण येत नाही. जीएसटी क्रमांक शासनाच्या पोर्टलवर कोणालाही तपासता येतो. केवळ विश्लेषण शिकायचे असेल, तर त्यासाठी एवढे पैसे मोजण्याची गरज नाही. गॅलॅक्सी हे मुक्त व्यासपीठ आणि त्याचे प्रशिक्षण साहित्य, युरोपातील ईएमबीएल-ईबीआयचे ऑनलाइन पाठ आणि आपल्याकडील स्वयंम या सरकारी ऑनलाइन मंचावरील जैवमाहितीशास्त्राचे वर्ग विनामूल्य आहेत. स्वयंममध्ये शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पावती, जाहिरात, फाइलींच्या पहिल्या ओळी व एनसीबीआयच्या नोंदीची प्रत जोडली. त्यानंतर संस्थेने निम्मी रक्कम ‘पुढच्या तुकडीत सवलत’ म्हणून देऊ केली. ती आम्ही लेखी नाकारली असून जिल्हा ग्राहक आयोगासाठी अर्ज तयार करत आहोत. दरम्यान संस्थेची नवी जाहिरात निघाली आहे आणि तिच्यावर पिपेट धरलेले माझे छायाचित्र आहे. ते परवानगीविना वापरल्याचा आक्षेपही त्याच अर्जात नोंदवला जाईल.