चाहत्यांच्या संमेलनासाठी निधी: पूर्वनोंदणी, सामूहिक निधी, लिलाव की प्रायोजक?

विज्ञानकथा, कॉमिक्स अशा आवडीच्या विषयांसाठी चाहत्यांनी स्वतः भरवलेल्या संमेलनात सर्वांत मोठा खर्च बहुधा जागेचा असतो, आणि जागेची अनामत संमेलनाच्या कित्येक महिने आधी भरावी लागते; दारावरची पासविक्री आणि लिलाव यांचा पैसा मात्र प्रत्यक्ष संमेलनाच्या दिवशी गल्ल्यात येतो. म्हणून निधीचे मार्ग शेजारी शेजारी ठेवून पाहताना ‘किती मिळेल’ याच्या जोडीने ‘केव्हा मिळेल’ आणि ‘त्या बदल्यात आपण कोणाचे काय देणे लागू’ हेही विचारायला हवे. समित्या अडचणीत येतात त्या बहुतेक वेळा या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी न शोधल्यामुळे.

जुलै २०१४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात भरलेल्या डॅशकॉन या चाहत्यांच्या संमेलनाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. पहिल्याच संध्याकाळी आयोजकांनी उपस्थितांना सांगितले की हॉटेल त्याच रात्री १७,००० डॉलर मागत आहे, आणि आधीच पासाचे पैसे भरून आलेल्या त्या लोकांनी काही तासांत ती रक्कम जमवून दिली. चाहत्यांचे हे औदार्य खरे आहे, आणि म्हणूनच त्यांच्यावर असा प्रसंग आणणे मला अक्षम्य वाटते.

आता एकेक मार्ग पाहू. पूर्वनोंदणी हा माझ्या मते पायाचा मार्ग आहे. १९३९ मध्ये सुरू झालेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात, म्हणजे वर्ल्डकॉनमध्ये, प्रवेशासाठी तिकीट नव्हे तर सभासदत्व घ्यायचे असते आणि राबणारे स्वयंसेवकही ते पैसे भरून घेतात. तिथली स्थळनिवडीची पद्धत पैशाच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. दोन वर्षांनंतरचे संमेलन कुठे व्हावे यावर मत देऊ इच्छिणाऱ्याला आगाऊ शुल्क भरावे लागते, ते शुल्क जिंकलेल्या समितीकडे जाते, आणि मत कोणालाही दिलेले असो, मतदार त्या संमेलनाचा सभासद होतो. त्यामुळे हरलेल्या स्थळाच्या समर्थकांचे पैसेही नव्या समितीच्या हाती दोन वर्षे आधी पडतात. लहान, नव्या संमेलनाला एवढी व्यवस्था झेपणार नाही, पण त्यामागचे तत्त्व उचलता येते: लवकर नोंदणी करणाऱ्याला कमी दर, पुढे जाहीर केलेल्या तारखांना वाढत जाणारा दर, आणि प्रत्यक्ष येऊ न शकणाऱ्यांसाठी एक स्वस्त समर्थक सभासदत्व.

यातला धोका मोठा आहे. संमेलन पार पडेपर्यंत हा पैसा नैतिकदृष्ट्या सभासदांचाच असतो, आणि संमेलन रद्द झाले तर तो परत मागितला जाणारच. तेव्हा परताव्याचा नियम पहिली पावती फाडण्याआधी लिहून जाहीर करावा, आणि जमलेल्यातला किती भाग परत न मिळणाऱ्या अनामतीत अडकला आहे याचा आकडा खजिनदाराने प्रत्येक बैठकीत समितीसमोर ठेवावा.

सामूहिक निधी, म्हणजे क्राउडफंडिंग, वरवर पाहता याहून आकर्षक दिसतो. २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टर या निधी गोळा करण्याच्या संकेतस्थळावर ठरवलेले लक्ष्य गाठले नाही तर कोणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत. इंडीगोगो या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाने लक्ष्य अपुरे राहिले तरी जमलेली रक्कम उचलण्याचा पर्याय अनेक वर्षे दिला. संमेलनासाठी पहिली पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण अर्धे सभागृह भाड्याने घेता येत नाही. मात्र जमलेला आकडा आणि हाती पडणारा आकडा यांत बरेच अंतर असते. किकस्टार्टर ५ टक्के घेते, पैसे वळते करण्याचे शुल्क त्यावर वेगळे पडते, आणि खरी गळती लागते ती देणगीदारांना कबूल केलेल्या भेटवस्तूंत. टी-शर्ट कबूल केला की सहा मापे आली, उरलेल्या मापांचा गठ्ठा आला, पाकिटे आणि टपालखर्च आला, आणि संमेलनाच्या ऐन गडबडीत पत्ते लिहीत बसणारी दोन माणसेही त्यात अडकली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चाहत्यांच्या वर्तुळात निधी देणारा आणि नोंदणी करणारा बहुधा एकच माणूस असतो. दोन्ही मोहिमा एकाच वेळी चालवणे म्हणजे त्याच खिशात दोनदा हात घालणे होय. क्राउडफंडिंग करायचेच असेल तर संमेलनाचा पास हीच मुख्य भेट ठेवावी. नाहीतर एखाद्या पाहुण्याचा प्रवास किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी अशा एकाच नेमक्या गोष्टीसाठी ते करावे.

आणखी एक जुना मार्ग फारसा कोणी लक्षात घेत नाही: मोठ्या संमेलनाआधी एक दिवसाचे छोटे संमेलन भरवणे. आज जगभर माहीत असलेले सॅन डिएगोचे कॉमिक-कॉन असेच उभे राहिले. २१ मार्च १९७० रोजी निधी आणि उत्सुकता दोन्ही जमवण्यासाठी तिथे एक दिवसाचा मेळावा झाला, त्याला सुमारे १०० माणसे आली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन दिवसांचे पहिले संमेलन सुमारे ३०० जणांच्या उपस्थितीत पार पडले. अशा मेळाव्यातून पैसा थोडाच मिळतो, पण नोंदणीचे टेबल सांभाळणे कोणाला जमते आणि वेळेवर कोण येते हेही त्यातून कळते. नव्या समितीला ही माहिती रकमेइतकीच मोलाची असते.

लिलावाबद्दल मला विशेष आपुलकी आहे. खजिनदाराची वही घेऊन मी अनेकदा लिलावाच्या टेबलामागे बसलो आहे. एकदा गंजलेल्या पिनांचा, कडा पिवळ्या पडलेला जुन्या फॅनझीनचा, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या नियतकालिकांचा, गठ्ठा दोन बोलींवरच अडला होता. बोली पुकारणाऱ्याने त्यातला एक अंक उघडून वाचकांच्या पत्रांतले दोन परिच्छेद मोठ्याने वाचले, तसा मागच्या रांगेतला एक हात पुन्हा वर गेला, आणि गठ्ठा पहिल्या बोलीच्या पाचपट किमतीला विकला गेला. दान आलेल्या वस्तूंवर समितीचा जवळजवळ काहीच खर्च नसतो, आणि ही परंपरा टिकाऊ आहे: चाहत्यांना अटलांटिकपार पाठवण्यासाठी १९५३ मध्ये स्थापन झालेला ट्रान्स-अटलांटिक फॅन फंड आजवर चालत आला आहे तो मतदारांच्या छोट्या देणग्या आणि संमेलनांतले लिलाव यांच्या बळावर. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी लावावी, तिच्यावर देणाऱ्याचे नाव, किमान बोली आणि विजेत्याचा बिल्ला क्रमांक लिहावा, आणि पैसे मिळाल्याखेरीज वस्तू हवाली करू नये. सोडतीचा मोह झाला तर आधी कायदा तपासावा. अनेक देशांत तिला परवाना लागतो.

विक्रेत्यांच्या टेबलांचे भाडे लवकर येते आणि त्यात गुंतागुंत कमी असते. जपानमधले स्वयंसेवकांनी चालवलेले कॉमिकेट (चाहत्यांच्या स्वप्रकाशित कॉमिक्सचा मेळा) डिसेंबर १९७५ मध्ये ३२ गटांच्या टेबलांवर सुरू झाले, आणि सहभागी गटांचे शुल्क हा त्याच्या अर्थकारणाचा एक आधार राहिला. फक्त गर्दी येण्याची खात्री नसताना पहिल्याच वर्षी चढे भाडे लावू नये, कारण माल न खपलेला विक्रेता पुढच्या वर्षी फिरकत नाही.

प्रायोजकाची रक्कम एकदम मोठी येते, पण शेवटच्या महिन्यात त्याने माघार घेतली तर भोक तेवढेच मोठे पडते. शिवाय नाव, फलक, कार्यक्रमातली वेळ अशी मागणी वाढत जाते. प्रायोजकाचा पैसा ज्यावाचून संमेलन अडणार नाही अशाच गोष्टींवर लावावा. आयोजकांची पदरमोड हा अखेरचा उपाय. ती अनेकदा होतेच, पण कर्ज की देणगी आणि परतफेड कोणत्या क्रमाने, हे मैत्री कितीही घट्ट असली तरी कागदावर असावे.

तेव्हा पहिलेच वर्ष असलेल्या समितीने छोटा मेळावा आणि पूर्वनोंदणी यांवर जागेची अनामत उभी करावी, आणि पूर्वनोंदणीत येईल तेवढ्याच मापाचे सभागृह घ्यावे. दोन-तीन वर्षे जम बसलेल्या संमेलनाला टेबलांचे भाडे आणि नेमक्या कामासाठीचे क्राउडफंडिंग त्याला जोडता येईल. तूट आधीच दिसत असेल, तर नवी मोहीम उघडण्यापूर्वी जागामालकाशी बोलून एखादी खोली किंवा एखादा दिवस कमी करावा. वर्ल्डकॉनच्या समित्यांमध्ये शिलकीतला वाटा पुढच्या संमेलनांच्या समित्यांकडे सोपवण्याची रीत आहे. लहान संमेलनाने तीच रीत स्वतःपुरती पाळावी: लिलावाचा सगळा पैसा त्या रात्रीच मोजून वेगळ्या खात्यात टाकावा आणि पुढच्या अनामतीसाठी राखून ठेवावा, कारण ती मागितली जाईल तेव्हा पुढच्या वर्षाची पूर्वनोंदणी उघडलेलीही नसेल.