द क्लॅशचा ‘गिव्ह एम इनफ रोप’: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत ऐकल्यानंतर

या अल्बमबद्दल कुठेही वाचा, पहिल्या दोन ओळींत एकच तक्रार येते. द क्लॅश हा लंडनचा खरखरीत पंक (साधं, वेगवान, रागीट रॉक) बँड, दुसऱ्या अल्बमला अमेरिकन निर्माता बोलावला आणि सगळा आवाज घासूनपुसून चकचकीत करून घेतला. नोव्हेंबर १९७८ मध्ये अल्बम आला तेव्हा सुरू झालेलं हे भांडण अजून मिटलेलं नाही. गेल्या दिवाळीपासून मी तो ऐकतोय आणि माझं मत आता पक्कं आहे: तक्रार आहे, पण ती भलत्याच माणसाच्या नावावर लागली आहे. चकाकीने या अल्बमचं फारसं बिघडलेलं नाही. उलट त्यातलं जे उत्तम आहे ते चकाकीमुळेच ऐकू येतं. बिघाड आहे तो गाण्यांच्या लिखाणात, तोही बहुतेक रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला.

मी कुठून ऐकतो हे आधी सांगतो, म्हणजे मताचं वजन ज्याचं त्याला ठरवता येईल. मी सांगलीत हौशी नाटकांना ध्वनी देतो. भावे नाट्यमंदिरात तालमीच्या वेळी शेवटच्या रांगेत बसून नटाचा शब्द पोचतो का, पार्श्वसंगीत त्याच्यावर चढतंय का, हे बघणं माझं काम. त्यामुळे कुठलाही अल्बम लावला की कान आपोआप कोण पुढे आहे, कोण मागे आहे आणि कोणाला मुद्दाम मागे ठेवलंय याकडे जातो. पंकची गोडी मला भाचीमुळे लागली. ती पुण्यात कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवते. या अल्बमवर तिचं एकच वाक्य असतं: “मामा, पहिल्या अल्बममध्ये राग आहे, यात नुसता मोठा आवाज आहे.” हा सगळा लेख म्हणजे तिला दिलेलं उत्तर आहे असं समजा.

पहिला अल्बम एप्रिल १९७७ चा. त्याच वर्षी जानेवारीत बँडने सीबीएस या रेकॉर्ड कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला होता आणि पंकच्या बऱ्याच कट्टर लोकांनी तेव्हाच त्यांच्या नावाने बोटं मोडली होती. तरी अल्बम वाजला तो अगदी कोरडा आणि धारदार. निर्माता मिकी फूट हा त्यांच्या कार्यक्रमांचा साउंड सांभाळणारा माणूस. काही वीकेंडांच्या बैठकांत सगळं उरकलं होतं. कंपनीच्या अमेरिकन शाखेला मात्र हा आवाज फार ओबडधोबड वाटला आणि त्यांनी तो तिकडे काढायलाच नकार दिला. अमेरिकेत तो अधिकृतपणे आला १९७९ मध्ये, गाणी बदलून. म्हणजे अमेरिकन श्रोत्यासाठी दुसरा अल्बम हाच पहिला होता. सँडी पर्लमनला बोलावण्यामागचं कारण इथे आहे. ब्लू ऑयस्टर कल्ट या अमेरिकन हार्ड रॉक बँडचा हा निर्माता. मूळ ध्वनिमुद्रण लंडनच्या बेसिंग स्ट्रीट स्टुडिओत झालं आणि पुढचं काम सॅन फ्रान्सिस्को व न्यूयॉर्कमध्ये. एवढं करून ब्रिटनमध्ये अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि ज्या अमेरिकेसाठी हा सगळा खटाटोप होता तिथे १२८ व्या क्रमांकावर थांबला. त्यामुळे ‘विकला गेलेला अल्बम’ हा शिक्का मला पटत नाही. विकण्यासाठी केलेली चकाकी विकली गेली नाही, पण संगीत म्हणून तिने काहीतरी दिलं.

काय दिलं? टॉपर हेडन. पहिल्या अल्बमवर ड्रम वाजवले टेरी चाइम्सने. तो बँड सोडून गेला आणि १९७७ मध्येच हेडन आला. अख्ख्या अल्बमवर तो पहिल्यांदा ऐकू येतो तो इथे. पर्लमन त्याला माणसातलं ड्रम मशीन म्हणायचा. ‘टॉमी गन’ लावा. स्नेअर या छोट्या, कडक ड्रमवरची ती फैर, मशीनगनसारखी, दर वेळी त्याच ताकदीने, त्याच जागी येते. आमच्या नाटकांना ढोलकी-तबला वाजवणारे एक काका आहेत. इंग्रजी गाण्यांचा आणि त्यांचा काडीचा संबंध नाही. त्यांना मी हे गाणं ऐकवलं. डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, “ह्यो गडी सम सोडत न्हाई. कितीबी उड्या मारल्या तरी पाय जाग्यावर.” आता विचार करा, हेच ड्रम पहिल्या अल्बमच्या त्या चपट्या, कोरड्या आवाजात मुद्रित झाले असते तर त्यातलं किती पोचलं असतं? प्रत्येक ठोक्याला स्वतःची जागा आहे, मोठा ड्रम छातीवर येतो, झांज फाटत नाही. ही कामगिरी निर्मात्याची आहे आणि ती मान्य करायला हवी.

हा मुद्दा मला सगळ्यात नीट कळला तो मिरजेत. तिथल्या तंबोरे बनवणाऱ्या एका कारागिराकडे मी कामासाठी गेलो होतो आणि ते जवारी काढत होते. घोडीचा पृष्ठभाग इतका हलका घासायचा की तार त्याला जेमतेम चाटून जाते आणि त्यातून तो गुंजणारा, भरलेला आवाज निघतो. जवारी खुली ठेवली की आवाज धारदार आणि झणझणीत, बंद ठेवली की गोल आणि दाटलेला. तंबोरा तोच, तारा त्याच. कुणाला खुली आवडते, कुणाला बंद, पण बंद जवारीचा तंबोरा खोटा आहे असं मिरजेत कुणी म्हणत नाही. क्लॅशचा पहिला अल्बम खुल्या जवारीचा, दुसरा बंद जवारीचा. बँडचा गिटारवादक मिक जोन्स याने गिटारचे थरावर थर चढवले आहेत, कडा गोल झाल्या आहेत, आवाज दाटला आहे. तरी वाजवणारे तेच आहेत आणि तितक्याच जोरात वाजवत आहेत.

पहिल्या बाजूची पहिली चार गाणी मी कितीही वेळा ऐकू शकतो. सुरुवातीच्या ‘सेफ युरोपियन होम’मध्ये तर या मोठ्या आवाजाचं सार्थक झालं आहे. गायक जो स्ट्रमर आणि मिक जोन्स १९७७ च्या अखेरीस गाणी लिहायला जमैकाला गेले होते. रेगे या जमैकन संगीतावर त्यांचं प्रेम, पहिल्या अल्बमवर ज्युनियर मर्विनचं रेगे गाणं स्वतः वाजवलेलं. पण किंग्स्टनमध्ये पोचल्यावर त्यांची घाबरगुंडी उडाली. बेसवाला पॉल सिमनन, जो लंडनच्या ब्रिक्स्टन भागात रेगे ऐकत वाढला, त्याला तर सोबत नेलंच नव्हतं आणि त्याला त्याचा राग आला होता. ज्या संगीतावर आपण जीव टाकतो त्याच्या गावात आपण परके आहोत, हे उघडपणे गाण्यात सांगायला हिंमत लागते. १९७८ च्या पंक बँडकडून लोकांना घोषणा हव्या होत्या, इथे भीतीची कबुली मिळते. तीही पूर्ण जोशात, सगळे वाद्यांवर तुटून पडलेले असताना. हा राग नाही तर काय? फक्त तो या वेळी स्वतःवरही आहे.

‘इंग्लिश सिव्हिल वॉर’ची चाल अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातल्या जुन्या गाण्याची. त्या चालीवर त्यांनी तेव्हा ब्रिटनमध्ये जोर धरत असलेल्या नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षाचा धोका गायला. जुनी लोकांच्या ओठावरची चाल घेऊन त्यावर आजचा मजकूर बसवणं आपल्याकडे शाहिरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे, त्यामुळे मला हे गाणं पहिल्यापासून ओळखीचं वाटलं. ‘ज्युलीज बीन वर्किंग फॉर द ड्रग स्क्वॉड’ १९७७ च्या ऑपरेशन ज्युलीवर आहे. पोलिसांनी एलएसडी हा अमली पदार्थ बनवणाऱ्यांचं मोठं जाळं पकडलं, त्याचा धागा वेल्सपर्यंत होता आणि मोहिमेला नाव पथकातल्या एका महिला पोलिसावरून पडलं. यात पियानो आहे, चाल डुलत जाते, सगळे मजेत वाजवतात. पहिल्या अल्बमच्या आवाजात हा पियानो बसलाच नसता.

आता आवाजातला खरा दोष. स्ट्रमरचा आवाज मागे आहे. पर्लमनला तो आवाज आवडत नव्हता अशी कुजबुज तेव्हापासून आहे. तिच्या खरेखोटेपणात मी जात नाही, मला कानाने जे मिळतं ते पुरेसं आहे. गिटारची भिंत पुढे, ड्रम पुढे आणि जो माणूस सांगतोय तो त्यांच्यामागून ओरडतोय. नाटकात हे चालत नाही. शब्द पोचला नाही तर बाकी सगळं व्यर्थ. त्यातून स्ट्रमरचे उच्चार मुळात गिळलेले. आपल्यासारख्याला, ज्याचं इंग्रजी शाळेतलं आहे, गीत समोर ठेवल्याशिवाय अर्धं कळत नाही. मी तेच केलं, शब्द छापून घेतले आणि बरोबर वाचत ऐकलं. मग अल्बम वेगळाच उलगडला. पण हा दोष चकाकीचा नाही हे लक्षात घ्या. मिक्सिंग करताना एक खटका पुढे सरकवायचा होता, तो सरकवला नाही. चकचकीत आवाजातही गायक पुढे ठेवता येतो.

दुसऱ्या बाजूकडे वळलो की निर्मात्याला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. ‘गन्स ऑन द रूफ’चं मूळ असं: मार्च १९७८ मध्ये हेडन आणि सिमनन यांनी लंडनच्या कॅम्डनमधल्या तालमीच्या जागेच्या छपरावरून शर्यतीची कबुतरं मारली आणि पोलिसांनी त्यांना पकडलं. एवढ्याशा घटनेवरून गाणं जगभरच्या हिंसेपर्यंत उडी मारतं आणि ती उडी जमत नाही. वर गिटारचा तुकडा द हू या जुन्या ब्रिटिश बँडच्या ‘आय कान्ट एक्सप्लेन’च्या इतका जवळ जातो की मन तिकडेच जातं. ‘ड्रग-स्टॅबिंग टाइम’मध्ये सॅक्सोफोन आहे, बाकी लक्षात राहण्यासारखं काही नाही. ‘चीपस्केट्स’ ही लोक आपल्याबद्दल काय बोलतात याची कुरकुर आहे. पहिल्या बाजूच्या शेवटचं ‘लास्ट गँग इन टाउन’सुद्धा याच वर्गातलं आणि पाच मिनिटांच्या पुढे जाणारं. या गाण्यांत बँड स्वतःच्या प्रतिमेवर बोलतोय. पहिल्या अल्बमवर नोकरी, कंटाळा, रस्ता, पोलीस होते. इथे बँडला बँड दिसतोय. ही गाणी मिकी फूटने कोरड्या आवाजात घेतली असती तरी ती कच्चीच राहिली असती. भाचीला राग सापडत नाही तो याच गाण्यांत, आणि तिथे तिचं बरोबर आहे.

पण याच बाजूला ‘स्टे फ्री’ आहे. मिक जोन्स गातो. शाळेतला मित्र, दोघांनी मिळून केलेला धुडगूस, मग मित्र तुरुंगात गेला आणि हा गिटार शिकत घरी बसला. मित्र सुटून आला आणि त्याला जपून राहा, मोकळा राहा असं सांगणं, एवढंच गाणं. आमच्या गल्लीत वाढलेल्या कुठल्याही मुलाला हा मित्र माहीत असतो. पंकच्या नावाखाली इतकं हळवं गाणं करायला तेव्हा किती जणांची तयारी होती? जोन्सचा आवाज मऊ, गिटार त्याला सांभाळून घेणारी. अख्ख्या अल्बममध्ये शब्द पूर्ण पोचतात ते इथे. हे गाणं ऐकून माझ्या घरातल्या, एरवी दार लावून घेणाऱ्या लोकांनीही पुन्हा लाव म्हटलं आहे.

कशावर ऐकायचा, यावरही बोललं पाहिजे, कारण या अल्बमला त्याने फार फरक पडतो. फोनच्या स्पीकरवर लावू नका. ड्रम पातळ होतात, गिटारचा चिखल होतो, स्ट्रमर गायब. पावसाळ्यात इकडे वीज गेली की मी बॅटरीवरचा छोटा स्पीकर वापरतो, त्यावरही तीच गत. बरे हेडफोन किंवा जरा मोठे स्पीकर, आवाज चढवून, हा एकच मार्ग. मिरज रस्त्यावर गाडीत काचा वर करून ऐकला तेव्हा पहिली बाजू सगळ्यात खुलली. अल्बम अख्खा चाळीस मिनिटांच्या आतला आहे, त्यामुळे एका बैठकीत होतो. पण मी स्वतः तो दोन तुकड्यांत ऐकतो, पहिली चार गाणी आणि मग थेट ‘स्टे फ्री’.

वर्षभराने, डिसेंबर १९७९ मध्ये, ‘लंडन कॉलिंग’ आला. निर्माता गाय स्टीव्हन्स, दोन रेकॉर्डींचा ऐवज. त्याची वाहवा सगळे करतात. पण पियानो, सॅक्सोफोन, मऊ गाणी, हेडनला मोकळं सोडणं, या सगळ्याची तालीम या दुसऱ्या अल्बमवर झाली आहे. एकाला डोक्यावर घ्यायचं आणि दुसऱ्याला विकाऊ म्हणायचं, हे जमत नाही.

अल्बम घेणाऱ्याला माझा एक आग्रह आहे. जून १९७८ मध्ये बँडने ‘(व्हाइट मॅन) इन हॅमरस्मिथ पॅले’ हे सुटं गाणं काढलं होतं. रेगेच्या संथ चालीवर पंकची कटुता, आणि स्ट्रमरचा आवाज अगदी समोर. ब्रिटनमध्ये सुटी गाणी अल्बममध्ये न घेण्याची पद्धत बरेच बँड पाळत, तसं हेही बाहेर राहिलं. स्वतःची यादी करा, ‘गन्स ऑन द रूफ’ काढा, त्या जागी हे बसवा आणि दुसरी बाजू परत ऐका.