10डब्ल्यू-40 एमए2 ऑईल : सात महिने, 5,800 किलोमीटरनंतर

आधी तक्रार. सात महिन्यांपूर्वी सर्व्हिसमध्ये बाइकमध्ये चारचाकीचं 5डब्ल्यू-30 भरलं गेलं. ऑईल महागडं, फुल सिंथेटिक. पण डब्यावरच्या गोल चिन्हात खाली ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’, म्हणजे इंधन वाचवणारं, असं छापलेलं. तीनशे किलोमीटरांत चौथ्या गिअरला पूर्ण रेस दिली की इंजिन ओरडायचं, वेग मात्र तिथेच. क्लच लिव्हरचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) बरोबर, केबल मोकळी. म्हणजे क्लचच्या प्लेटाच घसरत होत्या. ओल्या, म्हणजे ऑईलमध्येच बुडालेल्या क्लचच्या बाइकला इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना एकच ऑईल. इंधन वाचवण्यासाठी चारचाकीच्या अशा ऑईलमध्ये घातलेले घर्षण कमी करणारे घटक प्लेटांवर बसले की पकड जाते.

गरम इंजिनातून ऑईल काढलं, फिल्टर बदलला, एमए2 (ओल्या क्लचच्या बाइकसाठीचा जासो दर्जा) भरलं आणि 250 किलोमीटरला पुन्हा बदललं, कारण कोपऱ्यांत जुनं उरतंच. पकड परत आली. प्लेटा चकाकल्या असत्या, स्टीलच्या प्लेटा निळ्या पडल्या असत्या, तर त्या बदलाव्याच लागल्या असत्या. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी त्याच ऑईलमध्ये रात्रभर भिजवायच्या.

सुरुवातीला मत होतं की जास्त झिंक म्हणजे चांगलं ऑईल. ते सोडलं. झेडडीडीपी हे झिंकचं संयुग कॅमसारख्या दाबाच्या, गरम जागी फुटतं आणि धातूवर फॉस्फेटचा पातळ थर धरतं. मुख्य काम फॉस्फरस आणि गंधकाचं. जासो या जपानी संस्थेच्या बाइक ऑईलच्या मानकात, टी 903 मध्ये, फॉस्फरस 0.08 ते 0.12 टक्के ठरवलेलाच आहे. एपीआय एसएन या अमेरिकी ऑईल दर्जामध्ये 5डब्ल्यू-30, 10डब्ल्यू-30 अशा पातळ ग्रेडना वरची मर्यादा 0.08 टक्के, तीही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी. 10डब्ल्यू-40 ला ती लागू नाही. म्हणून वरून ओतायची झिंकची बाटली घेऊ नका. प्रमाण बिघडतं, राख वाढते.

खरी उणीव वेगळीच निघाली. 3,500 किलोमीटरनंतर गिअर खटखटू लागले, उभ्या गाडीला न्यूट्रल सापडेना. पातळी बरोबर होती. ऑईल गरम असताना घट्ट राहावं म्हणून घातलेले पॉलिमर गिअरच्या दात्यांत चिरडले जातात आणि 40 चं ऑईल 30 कडे उतरतं, म्हणजे गरम असताना पातळ होतं (दुसरा आकडा गरम ऑईलच्या घट्टपणाचा). नवं भरताच गिअर लोण्यासारखे. दोन आकड्यांतलं अंतर जितकं मोठं, तितके पॉलिमर साधारणपणे जास्त. मॅन्युअलमध्ये 10डब्ल्यू-30 एमए2 चालतं, तर पुढच्या वेळी तेच. दर 3,500 ला डबा ओतणं खिशाला पटत नाही.

आणि डब्यावरचा जासोचा चौकोन! डब्याच्या मागे दोन ओळींची छोटी चौकट असते : वर एमने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, खाली एमए2. समोर मोठ्या अक्षरांत नुसतं ‘जासो एमए2 दर्जा’ लिहिलं आणि मागे क्रमांक नसला, तर तो डबा परत ठेवा. एमबी दिसलं तरी परत. ते कमी घर्षणाचं, कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी. चौकट इतकी बारीक छापतात की टॉर्च लागतो, याचा मला खरोखर राग आहे.

भरताना ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला, गाडी सरळ उभी करून पातळी बघा. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर फेस होतो आणि ऑईल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये येतं.