क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला जायचं कधी: मे महिन्यात की सप्टेंबरअखेर?

जुलै-ऑगस्ट सोडा. जुन्या शहराभोवतीच्या १,९४० मीटरच्या तटबंदीवर सावली जवळपास नाहीच, आणि फेरी एकाच दिशेने असल्यामुळे घामाघूम झालात तरी मागे वळता येत नाही.

तटबंदी आणि चालणं हाच मुख्य बेत असेल, तर मे. दिवस मोठा, सूर्यास्त आठच्या आसपास. सकाळी दार उघडताच जुन्या शहराच्या पश्चिमेकडच्या ‘पिले’ दरवाजाकडून चढायचं, म्हणजे क्रूझची गर्दी यायच्या आत निम्मी फेरी होते. अडचण पाण्याची: समुद्र जेमतेम १८ अंश. पाय बुडवाल, पोहणार नाही!

सप्टेंबरअखेर तेच पाणी २२-२३ अंश असतं, कारण उन्हाळाभर तापलेला समुद्र सावकाश निवतो. पोहणाऱ्यांनी दुसरा विचारच करू नये. मात्र साडेसहाला अंधारतं आणि ‘युगो’ हा दक्षिणेचा दमट वारा सुटला की पाऊस, खवळलेला समुद्र, समोरच्या लोक्रुम बेटाची बोट बंद. म्हणून लोक्रुम पहिल्याच चांगल्या दिवशी उरकावं, शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये. पावसात जुन्या शहरातल्या स्त्रादुन या मुख्य रस्त्याची गुळगुळीत झालेली चुनखडी भलतीच निसरडी होते. चांगल्या पकडीचे बूट घ्या.

क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे म्हणजे आपल्याकडे शाळांची सुट्टी, तेव्हा व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी झुंबड. सप्टेंबरला ही कटकट बरीच कमी.