शोमेन की शामेन: क्यूदोत धनुष्य उचलायचं कसं?

क्यूदोत, म्हणजे जपानी धनुर्विद्येत, रबरी धनुष्यावरचा सराव संपून हातात खरा युमी (जपानी धनुष्य) आला की एक प्रश्न समोर येतो. धनुष्य शरीरासमोरून सरळ वर न्यायचं, म्हणजे शोमेन, की आधी डावीकडे तिरकं धरून तिथूनच उचलायचं, म्हणजे शामेन? बहुतेकांच्या बाबतीत याचं उत्तर दोजोच (सरावशाळाच) देऊन टाकतो, कारण बहुतेक ठिकाणी शोमेनच शिकवतात. पण त्सुकुबा विद्यापीठात आणि जर्मनीतल्या बऱ्याच गटांत हेकी-र्यू इन्साई-हा ही शामेनची परंपरा पक्की रुजली आहे. शिक्षण-नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी माणसाला खरोखर निवड करता येऊ शकते. बाण सोडण्याचे आठ टप्पे, २८ मीटरचं अंतर, ३६ सेंटिमीटरचं लक्ष्य हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. दान श्रेणीच्या परीक्षेत दोन्ही पद्धती चालतात, त्यामुळे नियमांची अडचण नाही.

बघणाऱ्याला फरक दिसतो तो उचलण्यात. माझ्या मते खरा फरक डाव्या हाताच्या पकडीत, तेनोउचीत आहे. ती केव्हा तयार होते आणि केव्हा कसोटीला लागते, त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

शामेनमध्ये युगामाएच्या, म्हणजे उचलण्याआधीच्या तयारीच्या टप्प्यातच धनुष्य डावीकडे पुढे नेऊन किंचित उघडतात आणि तिथे पकड बसवतात. तळहातावरची वरची आडवी रेषा धनुष्याच्या बाहेरच्या बांबूच्या डाव्या कडेला लावायची, अंगठा आणि तर्जनीमधली कातडी वरून चिकटवायची, करंगळी अंगठ्याच्या जवळ आणायची, मधलं बोट, अनामिका आणि करंगळी या तिन्ही बोटांची टोकं एका रेषेत ठेवायची. हे सगळं डोळ्यांसमोर, छातीच्या उंचीवर, दोरीवर थोडाच ताण असताना होतं. नंतर मान लक्ष्याकडे वळवायची आणि झालेली पकड तशीच वर न्यायची. ओढताना दोन-तृतीयांशावर एक थांबा येतो, पण पकडीला तिथे नव्याने काही करायचं नसतं.

शोमेनमध्ये पकड समोर धरलेली असते, हात डोक्याच्या वर जातात आणि मग दाइसानमध्ये, म्हणजे पूर्ण ओढण्याआधीच्या मधल्या टप्प्यात, डावा हात लक्ष्याकडे सरकतो. उजवा कोपर दुमडतो, उजवी मूठ कपाळाच्या थोडी पुढे राहते, बाण साधारण एक-तृतीयांश ओढला जातो. याच हालचालीत डावं मनगट आणि धनुष्य यांच्यातला कोन बदलतो. मूठ धनुष्याभोवती थोडी फिरते. तेही डोक्याच्या वर, नजर लक्ष्यावर, ताण वाढत असताना.

मला शोमेनमध्ये सतत खुपलं ते हेच. पकड आधीच घट्ट असेल तर मूठ फिरतच नाही. धनुष्य हाताबरोबर ओढलं जातं, त्याचं वरचं टोक कलतं, आणि तळहाताचा सपाट भाग दाबू लागतो. पकड सैल असेल तर ती फिरते, पण जास्त फिरते. मधली कातडी खाली गुंडाळली जाते आणि अंगठ्याचं मूळ धनुष्याच्या आतल्या उजव्या कडेवरून निसटतं. अंगठ्याच्या मुळाची ही जागा म्हणजे त्सुनोमी. तिथून दाब नसेल तर बाण सुटल्यावर धनुष्य हातात फिरत नाही, म्हणजे युगाएरी होत नाही आणि बाण लक्ष्याच्या उजवीकडे जातो. उंची बरोबर आणि बाण सगळे उजवीकडे असं दिसलं की मी आधी दाइसानकडे बघतो, सोडण्याकडे नंतर.

जपानमधल्या दमट उन्हाळ्यात हा त्रास वाढतो. घामेजलेला हात मुठीच्या चामड्याला चिकटतो. त्यावर फुदेको, म्हणजे भाताच्या तुसांची राख, डाव्या तळहाताला चिमूटभर लावतात. जास्त लावली तर पकड घसरू लागते. शामेनमध्येही ती लागतेच, पण एकदा बसवलेली मूठ सरकू नये एवढ्यापुरती.

शामेनलाही खोड्या आहेत, आणि त्या लहान नाहीत. डावीकडे उचलताना कंबर आणि खांदे लक्ष्याकडे वळतात, डावा खांदा पुढे येतो, उजवी मूठ मागे राहते. लवकर बसवलेली पकड बराच वेळ धरून ठेवावी लागते, म्हणून नवशिका ती नकळत आवळतो. मग पकड जागेवर असूनही धनुष्य फिरत नाही. पकडीत अंडं असल्यासारखा हात ठेवा, ही जुनी शिकवण इथे शब्दशः पाळावी लागते. शोमेनमध्ये दोन्ही हात बरोबरीने वर जात असल्याने खांदे समपातळीत आहेत की नाहीत ते लगेच जाणवतं, श्वासही सहज लागतो. अंग वळण्याची सवय असलेल्याला हा फायदा मोठा आहे.

विचारसरणीबद्दल लोक फार घट्ट रेघ ओढतात. एक बाजू ओगासावारा घराण्याच्या समारंभाची, दुसरी हेकी परंपरेचे प्रवर्तक हेकी दांजो यांच्या रणांगणाची. प्रत्यक्षात आजच्या शोमेनला मोठं वळण दिलं ते होंदा तोशिझाने (१८३६–१९१७) यांनी, आणि ते स्वतः हेकी-र्यूच्या चिकुरिन-हा या शाखेचे धनुर्धर होते. दोजोत सगळेच म्हणतात ती शाहोकुन ही शिकवण योशिमी जुनसेई यांची मानली जाते, तेही चिकुरिन-हाचेच. धनुष्याने नव्हे, हाडांनी बाण सोडा, हे तिचं सार. तिच्याबरोबर म्हटल्या जाणाऱ्या राइकी शागी या प्राचीन चिनी ग्रंथातल्या उताऱ्यात, नेम चुकला तर जिंकणाऱ्यावर राग न धरता कारण स्वतःत शोधा, असं सांगितलं आहे. या दोन्ही गोष्टी दोन्ही पद्धतींच्या आहेत.

तरी एक फरक मला खरा वाटतो. हेकी परंपरा कान-चू-क्यू म्हणते: भेदणं, लागणं, टिकणं. लक्ष्याला लागणं हे तिथे लपवायचं प्रयोजन नाही. १६८६ मध्ये क्योतोच्या सांजूसांगेन्दोच्या सुमारे १२० मीटर लांब व्हरांड्यात वासा दाइहाचिरोने एका दिवसात १३,०५३ पैकी ८,१३३ बाण पार केले, ते याच प्रवाहातून. एवढ्या वेळा तेच करायचं तर प्रत्येक बाणाला नव्याने जुळवाव्या लागणाऱ्या गोष्टी कमीच असाव्या लागतात, असं मला वाटतं.

पावलांचा फरक किरकोळ आहे. शोमेनवाले सहसा नजर लक्ष्यावर ठेवून उजवा पाय डाव्याजवळ आणतात आणि पंख्यासारखा उघडतात, शामेनवाले खाली बघून थेट टाकतात. आठवडाभरात अंगवळणी पडतं. फक्त पाच जणांच्या रांगेत इतरांची लय आधी बघून घ्या.

गुरू चांगले असतील तर पद्धतीसाठी दोजो बदलू नये, हे आधी सांगतो. दोन्ही गुरू तोलामोलाचे असतील, तळहात लहान असेल किंवा घाम जास्त येत असेल, तर मी शामेनकडे झुकेन. शोमेनच शिकायचं ठरलं, तर माकिवारासमोर (जवळून सरावासाठीच्या पेंढ्याच्या गठ्ठ्यासमोर), साधारण धनुष्याच्या लांबीइतक्या अंतरावर उभे राहा. दाइसानमध्ये थांबून जोडीदाराला तळहाताची रेषा धनुष्याच्या बाहेरच्या डाव्या कडेवरच आहे का ते बघायला सांगा. ती हललेली असेल तर बाण सोडू नका. धनुष्य खाली आणून पुन्हा सुरू करा, आणि या वेळी करंगळी थोडी सैल ठेवून ती दाइसान पूर्ण झाल्यावरच जवळ आणा.